डांगराला बांधलेली किल्ली

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालेली पोरगी आपल्या पायाने माहेरी येत नाही. तिला आणावं लागतं. माझी थोरली बहीण कामिनी एम.एस्सी. झालेली आहे, धुळ्यात अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते, स्कूटीवर अर्धं धुळं पालथं घालते. पण धुळ्याहून एरंडोलला माहेरी यायचं म्हटलं की भाऊ तिच्या दारात जाऊन उभा राहिला पाहिजे. त्या भावाला मुऱ्हाळी म्हणतात. ह्या कामाला खान्देशातला सगळ्यात नालायक माणूस कोण, असं आमच्या चुडामण नानांना, म्हणजे काकांना, विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं. खरं तर मीही माझ्याकडेच दाखवलं असतं.

मी चंदन. बसस्टँडच्या मागे माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी माझ्याकडे येतात आणि बऱ्या होऊन जातात. मोटर उघडून बसलो की मला जेवण, पाणी, लघवी काही आठवत नाही. आणि समोर मोटर नसली की मला कुठलीच गोष्ट धरून ठेवत नाही. दूध आणायला जातो आणि खिळे घेऊन येतो. घरी आल्यावर खिळे कशाला आणले तेही सांगता येत नाही. शाळेत मला व्रात्य म्हणायचे, माझे वडील, आबा, बिनडोक म्हणायचे, आणि नाना लग्नाकार्यात पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "हा आमचा अर्धवट."

गेल्या पावसाळ्यात जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ प्रश्न विचारले आणि मग सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात, तुमचा मेंदू असाच आहे, यात तुमचा आळस नाही की हरामखोरी नाही. मला तिथे त्यांच्या टेबलासमोर रडू आलं. जन्मभर मी स्वतःला हरामखोरच समजत होतो. घरी येऊन सांगितलं तर नाना म्हणाले, "म्हणजे येडाच ना, फक्त इंग्रजीत?"

डॉक्टरीणबाईंनी सकाळची एक गोळी दिली आणि दोन युक्त्या दिल्या. एक अशी, की राग चढला की तोंड उघडायच्या आधी मनात काहीतरी पाठ म्हणायचं. मला पाठ एसटीचे थांबेच आहेत, लहानपणी खिडकीत बसून घोकलेले. बांभोरी, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे. धुळ्याला पोचेपर्यंत राग साधारण उतरतो. दुसरी युक्ती अशी, की जे विसरायचं नाही ते अशा वस्तूला बांधून ठेवायचं जिच्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही. म्हणून मी गोळ्यांची पट्टी मोटरसायकलच्या बाजूच्या कुलपाच्या डब्यात ठेवतो. गाडी काढताना गोळी आठवते. ही व्यवस्था माझी मीच लावलेली आहे आणि तिचा मला फार अभिमान होता.

गाडी आबांची. आबा दिवाळीनंतर गेले. ही त्यांची पहिली आखाजी, पहिली घागर. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर मांडतात, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, दुपारी पुरणपोळी-आमरसाचा घास तुपासोबत निखाऱ्यावर टाकतात. त्याला आगारी म्हणतात. आगारी पडल्याशिवाय घरात कोणी तोंडात काही घालत नाही. मायने आधीच जाहीर करून टाकलं होतं की कामिनी आल्याशिवाय आबांची आगारी पडणार नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल.

आणि तिकडे धुळ्यात अक्काच्या, म्हणजे कामिनीच्या, सासूबाई, सुंदरबाई. त्यांचा निरोप आला होता. मुऱ्हाळी नऊच्या आत आला तर सून माहेरी जाईल. नंतर आमची लेक भूमिका साक्रीहून येणार, पाहुणे येणार, मग सणाच्या दिवशी घरातली बाई हलणार नाही. म्हणजे त्यांची पोरगी माहेरी यायला हवी म्हणून आमची पोरगी माहेरी जायला नको. ह्यावर मी दोनदा धुळ्यापर्यंत जाऊन आलो, मनातल्या मनात.

नाना ओट्यावर बसून म्हणाले, "तू बहीणले लेवाले जाशी नि मोटर लई येशी. मी मना जावईले धाडस."

माय म्हणाली, कोणाच्या जावयाला पाठवायचं नाही, चंदनच जाईल. एवढंच म्हणाली आणि पुरण वाटायला आत गेली. मला वाटलं, आता मेलो तरी नऊच्या आत पोचायचं.

आदल्या संध्याकाळी मी बाजारातून दोन डांगरं आणली. एक घागरीसाठी, एक अक्काच्या सासरी न्यायला, कारण मुऱ्हाळी हात हलवत जात नाही. मोठं, गोड वासाचं सासरसाठी बाजूला काढलं, जरा टोमणे कमी बसतील म्हणून. आता ते घरी विसरू नये म्हणून पूजेच्या लाल-पिवळ्या नाड्याने त्याच्या देठाला गाडीची किल्ली बांधली आणि डांगर दाराशी ठेवलं. किल्ली उचलायला गेलो की डांगर हातात येणारच. झोपताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की बराच वेळ झोपच आली नाही.

सकाळी गजराने उठलो, अंघोळ केली, कपडे घातले, सगळं वेळेत. बाहेर आलो तर पुढच्या खोलीत आबांची घागर मांडलेली. पाट, गहू, हळदीकुंकू, उदबत्ती. घागरीवर मोठं डांगर. डांगराच्या देठाला लाल-पिवळा नाडा, आणि नाड्याला लोंबणारी गाडीची किल्ली.

समोर माय बसलेली, पदराने डोळे पुसत. दारात शेजारची कमलबाई आणि आणखी दोघी-तिघी, त्यांचेही डोळे ओले.

"तुले कसं सुचनं रे मना राजा," माय म्हणाली. "बापनी गाडी बापले दिधी. बठ्ठी गल्ली दखी गयी."

सगळी गल्ली येऊन बघून गेली होती. कमलबाई म्हणाली, पोरगा असावा तर असा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल कोणी असं वाक्य बोललं होतं. आणि ज्या नानांनी मला कधी शहाणा म्हटलं नाही ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आणि त्यांचं नाक लाल झालं होतं.

आता सांगा, काय बोलणार. सांगू, की माय, मी आबांचा विचार करत नव्हतो, मी डांगराचा विचार करत होतो? मी हळूच हात पुढे केला, बघू म्हणून, नाडा जरा सैल आहे का.

"आते तिले हात लावू नको," माय म्हणाली. मांडलेली घागर दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवत नाहीत.

गाडीची दुसरी किल्ली आमच्या घरातच आहे. नक्की आहे. दोन वर्षांपासून आहे. नानांची गाडी मागायची तर ते किल्लीच्या आधी चार शब्द देतात, आणि तेवढा वेळ नव्हता. मी दुसरं, लहान डांगर पिशवीत टाकलं आणि स्टँडकडे पळालो. गोळी गाडीच्या डब्यात होती. डब्याची किल्ली तीच होती, जी आता आबांकडे होती.

बस लगेच मिळाली आणि पारोळ्यापर्यंत मी अगदी शहाण्या मुलासारखा बसलो. डोकं मात्र आठवडी बाजारासारखं. आबांना किल्ली आवडली असती का, पुढच्या सीटचा स्क्रू ढिला आहे, सासूबाईंना काय सांगायचं, हा कंडक्टर डावरा आहे का. पारोळ्याला बस थांबली. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं. मी म्हटलं, उतरायचं नाही. मग म्हटलं, फक्त दारापर्यंत. मग मला तो आवाज ऐकू आला.

स्टँडच्या बाहेर झुलालभाऊची रसवंती आहे, उसाच्या रसाची. तिची मोटर रडत होती. बेअरिंग जाऊ लागलं की मोटर जसा आवाज काढते तो आवाज. तो इतरांना ऐकू येत नाही, मला मात्र कोणीतरी कानाशी नाव घेऊन हाक मारल्यासारखा येतो. मी फक्त सांगायला गेलो होतो. शपथेवर सांगतो, फक्त सांगायला, की भाऊ, ही आज-उद्या जळेल.

झुलालभाऊ म्हणाला, "बघता का जरा?"

ह्या वाक्याने माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं दारूने कोणाचं केलं नसेल. मी बघितलं. पाना मागितला. मागचं कव्हर उघडलं. आत बेअरिंग कोरडं ठणठणीत, आणि त्यात चिपाडांचा भुसा. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मान वर केली तेव्हा माझी बस स्टँडच्या फाटकातून बाहेर पडून धुळ्याच्या दिशेला वळत होती. माझं डांगर खिडकीच्या सीटवर बसून चाललं होतं.

मी धावलो. झुलालभाऊने मागून शर्ट धरला. "ओ भाऊ, सणाचा दिवस, गिऱ्हाईक उभं आहे, मशीन उघडी टाकून कुठे?"

मी त्याच्यावर ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण चूक त्याची नव्हती हे मला दिसत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं. मला तिथे रस्त्यात बसून रडावंसं वाटलं. माय दारात बसली असेल. अक्का बॅग भरून बसली असेल. नाना घड्याळ बघत असतील आणि मनातून खूश असतील. एक काम, एकच, बहिणीला आणायचं, आणि मी पारोळ्यात दुसऱ्याच्या मोटरीत हात घालून बसलोय. बांभोरी, पाळधी, एरंडोल. पारोळ्याशी येऊन गाडी अडली. पारोळ्यातच तर मेलो होतो.

रस पीत उभा असलेला एक माणूस हे सगळं मजेने बघत होता. त्याचं नाव अभिमन. त्याच्या टेम्पोत डांगरं भरलेली होती आणि टेम्पो धुळ्याला चालला होता. तो म्हणाला, "मशीन लाव. ग्रीस माझ्याकडे आहे. मग चल." मी ग्रीस भरलं, कव्हर लावलं, एक स्क्रू उरला तो झुलालभाऊच्या हातात ठेवला आणि टेम्पोत चढलो. मोटर गप्प झाली होती. मला त्या अवस्थेतही बरं वाटलं, हा भाग मी डॉक्टरीणबाईंना सांगितलेला नाही.

मुकटी, फागणे. अभिमनभाऊ वाटेत तीन वेळा थांबला, दोन वेळा डांगरं द्यायला आणि एकदा कोणाशी तरी भांडायला. धुळ्यात त्याने मला अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि एक डांगर हातात ठेवलं. "मुऱ्हाळी रिकामा जातो का कुठे," म्हणाला.

दाराशी सुंदरबाई उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या पलीकडे, रस्त्याच्या टोकाकडे बघत होत्या. योगराज दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, स्वतःच्या बहिणीला आणायला साक्रीला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. मग सुंदरबाईंची नजर माझ्यावर आली.

"नऊ केव्हाच वाजले, चंदनभाऊ."

"हो, मावशी."

"सांगून ठेवलं होतं ना?"

"हो."

"आणि तुमची बहीण तरी कुठे तयार आहे. मंगळसूत्र सापडत नाहीये तिचं. सणाच्या दिवशी बाई भुंड्या गळ्याने घरभर फिरतेय. पहाटेपासून कपाट उपसून ठेवलंय, ना बॅग भरलेली, ना गॅस पेटवून कुरडया तळलेल्या. तुमच्या घरचं पाणीच तसं. एक वेळेवर येत नाही, दुसरीला वस्तू जागेवर ठेवता येत नाही."

घरचं पाणी म्हणजे आबा आले त्यात, आणि आबांची आज पहिली घागर.  मी मनात म्हटलं, आता ह्या बाईला मी असं बोलणार की अक्काला जन्मभर माहेरी यायची गरजच उरणार नाही, कायमचीच येईल. तेवढ्यात डोळ्यांपुढे अक्का आली, म्हणजे नुसती आली नाही, मी बोललो तर तिचं काय होईल ते दिसलं. मी थांबे सुरू केले, उलटे, कारण मी धुळ्यात होतो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल. एरंडोलला मला घागर दिसली आणि तिच्यावर लोंबणारी किल्ली.

उशीर झाला की मी नेहमी थाप मारतो. पंक्चर, रास्ता रोको, कोणाचं तरी मयत. माझ्याकडे थापांचा साठा आहे. पण त्या दिवशी थाप मारायचीही ताकद उरली नव्हती. म्हणून खरं सांगितलं. डांगर विसरू नये म्हणून किल्ली बांधली, मायने तेच डांगर घागरीवर ठेवलं, तिला वाटलं मी आबांना गाडी दिली, गल्लीभर रडारड झाली, आता ती किल्ली काढू कशी, म्हणून बसने आलो, आणि बस का सुटली तेही सांगितलं.

सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं चिडल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ती बाई हसत होती. इतकी हसली की दाराला टेकली. मग हसता हसता गप्प झाली, आणि आतल्या खोलीकडे बघायला लागली. तिथे त्यांच्या यजमानांची घागर मांडलेली होती.

"आणि तू आईला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार, मावशी. ती इतकी खूश होती."

त्यांनी तोंडावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "सांगूही नकोस. कधीच नको. मी सांगितलंय म्हणून समज." आणि माझ्या हातातलं डांगर घेऊन म्हणाल्या, "घेऊन जा तिला. भूमिका आली की मी बघते इकडचं. नाहीतरी तुझी बहीण असली की अर्धा वेळ शोधण्यातच जातो."

आत मिक्सर चालू होता, आमरसाचा. तो बंद झाला आणि अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली, मंगळसूत्र गळ्यात घालत. सकाळपासून घामाघूम झालेली, केस सुटलेले, एका हातात चार्जर, दुसऱ्यात कोणाचा तरी मोजा.

"सापडलं," ती म्हणाली. "गॅसच्या बटणाला अडकवलेलं होतं."

"बघ," सुंदरबाई मला म्हणाल्या. "गॅसच्या बटणाला. हे रोजचं आहे."

मलाही राग आला. मी इतका मरत मरत आलो आणि हिची बॅगही भरलेली नाही. म्हटलं, "अक्का, निदान आज तरी." अक्काने माझ्याकडे बघितलं आणि बॅगेत हाताला लागेल ते कोंबायला लागली.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. किल्लीचं मी तिला सांगितलं नाही, कारण अक्काला सांगितलं की ते मायच्या कानावर जातंच, ती पोटात काही ठेवू शकत नाही. फागणे गेलं, मुकटी आली. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "त्या गोळीने काय होतं रे?"

"काही नाही. डोक्यातला गोंगाट कमी होतो. एक काम धरलं की ते हातात राहतं."

"मग?"

"मग काय. मग ते काम होतं."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. पारोळ्याला बस थांबली तर तिने माझा हात घट्ट धरून ठेवला, मी उतरू नये म्हणून. मी तिला तिथलं काही सांगितलेलं नव्हतं. मला ओळखते, एवढंच.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नाना ओट्यावर होते. त्यांनी मनगट वर केलं, घड्याळ बघितलं, मग माझ्या मागे अक्का दिसली आणि मनगट खाली गेलं. मायने अक्कावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिला धरून दारातच रडली. आबा गेल्यानंतर अक्का सणाला पहिल्यांदाच येत होती. माझ्या पाठीवर नानांची थाप पडली. जरा जोरातच पडली, पण थापच होती.

मी आगारी टाकली. निखाऱ्यावर तूप चुरचुरलं, पुरणपोळीचा घास जळला, धूर आबांच्या घागरीवरून फिरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने नाही, मला आबांची आठवण आली. मला बिनडोक म्हणायचे, पण माझ्या दुकानाची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

माय ताटं घ्यायला आत गेली. अक्का घागरीपुढे नमस्काराला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर ती ओठ दाबून हसत होती.

"ही किल्ली," ती कुजबुजली. "डांगर विसरू नये म्हणून बांधली होतीस ना?"

"तुला सासूने सांगितलं?"

"मला कोणी सांगायला कशाला पाहिजे." ती अजून हसत होती. "माझं मंगळसूत्र रोज रात्री गॅसच्या बटणाला असतं. गॅस चालूच राहिला आहे का म्हणून मी आधी तीन-तीनदा उठायची. आता मंगळसूत्र घ्यायला गेलं की गॅस बघितला जातो. आज पहाटे बाकीच्या गडबडीत तिथे अडकवलंय हेच विसरले. स्कूटीची किल्ली डब्याच्या पिशवीत ठेवते. पोरांचे पेपर तपासायचे असले की चष्मा त्या गठ्ठ्यात खुपसून ठेवते."

मी तिच्याकडे बघत राहिलो. माझी एम.एस्सी. झालेली बहीण. जिचं उदाहरण देऊन मला मार पडायचा. नापास मी झालो, वस्तू मी हरवल्या, भांडणं मी केली, म्हणून शेवटी मला डॉक्टरकडे नेलं. ती पास होत राहिली, म्हणून तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. आणि सासरी तिला रोज बोलणी बसतात, ज्या युक्तीसाठी मी डॉक्टरीणबाईंकडे जळगावला गेलो तिच्याच पायी. सकाळी मीही बोललो होतो. मला फार वाईट वाटलं, आणि नानांच्या, आबांच्या, सुंदरबाईंच्या आणि माझ्या स्वतःच्या अशा चौघांच्याही मुस्काटात मारावंसं वाटलं. थांबे म्हणायचं सुचलं नाही.

"अक्का, सकाळी मी..."

"राहू दे." तिचं हसू गेलं होतं. ती किल्लीकडे बघत होती. "तुझ्या त्या डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडे बायकाही जातात का?"

"कोणीही जातं."

"मला नेशील? मी एकटी नाही जाणार. जळगावपर्यंत जाईन आणि तिथून परत येईन, मला माहीत आहे. तू धुळ्याला ये आणि मला घेऊन जा. सोमवारी."

"मी?"

"तूच. दुसऱ्या कोणाला मला सांगायचं नाही."

पूजेच्या ताटाशेजारी नाड्याचं उरलेलं गुंडाळं पडलं होतं. अक्काने त्यातला एक तुकडा तोडला, माझा उजवा हात पुढे ओढला आणि मनगटावर गाठ मारायला लागली. एक गाठ, तिच्यावर दुसरी, सुटूच नये अशी.

"विसरशील तू," ती म्हणाली.

"तूही विसरशील."

"म्हणून तर बांधतेय."

माय ताटं घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. घागरीसमोर आम्ही दोघं, माझा हात अक्काच्या हातात, मनगटावर लाल-पिवळा नाडा. तिने ताटं खाली ठेवली. पदर डोळ्यांना लावला. मग वळून बाहेर हाक मारली, कमलबाई, ये, बघ, बापाच्या घागरीपुढे बहीण भावाला राखी बांधतेय.

कमलबाई आली. तिच्या मागून आणखी कोणी कोणी आलं. दारात पुन्हा तीच गर्दी, तेच ओले डोळे. अक्का मान खाली घालून गाठ आवळत होती आणि मी हात तसाच पुढे धरून ठेवला. ह्या वेळी मायचा काही गैरसमज झाला नव्हता.